नानांच्या वह्या रद्दीत द्याव्यात का?

सांगलीच्या गावभागातून एका वाचक ताईंचे चार पानी पत्र आले आहे. त्यांचे सासरे, ज्यांना घरात सगळे नाना म्हणतात, विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवत असत. १९७९ साली ते अधिव्याख्याता म्हणून लागले आणि २०१२ मध्ये प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले. २०१९ आणि २०२१ असे दोन पूर अंगावर घेतल्यानंतर या कुटुंबाने गावभागातले जुने घर सोडून विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आहे. सामान हलवताना अडचण झाली ती माळ्यावरच्या एकतीस वह्यांची आणि जिन्याखालच्या शेचाळीस बरण्यांची. बरण्यांत मासे आहेत, दोनचार बेडूक आहेत आणि मगरीचे एक पिल्लूही आहे. ताईंचे यजमान म्हणतात, "ज्या रविवारी आम्हाला वडील हवे होते, त्या रविवारी ते नदीवर होते, त्या वह्या मी नव्या घरात कशाला नेऊ?" स्वतः नाना म्हणतात, "द्या टाकून, मी आयुष्यात सांगण्यासारखे काही केलेले नाही." ताईंचा जीव मात्र मध्ये अडकला आहे. वह्या रद्दीत द्याव्यात का, बरण्या कोणी घेईल का, आणि नानांचे म्हणणे त्यांचा शेवटचा शब्द म्हणून मानावे का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. आठवीतल्या मुलाने एका वहीतली "नखांची पाकिटे" किळस येऊन फेकून दिली, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे, आणि नमुना म्हणून एका पानावरची नोंद उतरवून पाठवली आहे. त्या नोंदीबद्दल मी त्यांची विशेष आभारी आहे.

ताई, वह्या रद्दीत देऊ नका. बरण्यांचा विचार वेगळा करावा लागेल, त्याकडे मी पुढे येते. नानांचे "द्या टाकून" हे वाक्य ही परवानगी आहे असे कृपा करून समजू नका. ते वाक्य कुठून येते हे मला ठाऊक आहे, कारण साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात एकतीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले तेव्हा माझ्याही तोंडी काही महिने हेच वाक्य होते.

आधी तुम्ही पाठवलेली नोंद पाहू. "१२.२.८४. हरिपूर संगम, खालच्या अंगाला. पहाटे ५.४०. पाणी गुडघाभर, नितळ. नुक्ता २ (?), खवलचोर ५, वाम १. तानूकडून." तुम्हाला ही किराणा मालाच्या यादीसारखी वाटली, असे तुम्ही लिहिले आहे. प्राणिशास्त्राच्या माणसाला मात्र या दोन ओळी वाचताना खुर्चीत सावरून बसावेसे वाटते. तारीख आहे. ठिकाण आहे, आणि तेही नुसते "कृष्णा नदी" असे मोघम लिहिलेले नाही. कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात त्या हरिपूरच्या संगमाच्या खालच्या अंगाला, म्हणजे दोन्ही नद्यांचे पाणी एक झाल्यानंतर. वेळ आहे, पाण्याची खोली आहे, पाणी नितळ होते हे आहे, मासे किती मिळाले हा आकडा आहे आणि ज्याच्या जाळ्यात ते मिळाले त्या माणसाचे नाव आहे. एखाद्या नोंदीला शास्त्रात किंमत येते ती एवढ्याच गोष्टींमुळे, आणि यातली एकही गोष्ट नानांनी वगळलेली नाही. मी जुने कॅलेंडर काढून पाहिले. १२ फेब्रुवारी १९८४ हा रविवार होता. आठवड्याचे सहा दिवस तास, प्रात्यक्षिके आणि कार्यालयातली कामे उरकून सातव्या दिवशी उजाडायच्या आत हा माणूस गुडघाभर पाण्यात उभा होता. फेब्रुवारीतल्या पहाटे कृष्णेचे पाणी किती गार असते ते तुम्हा सांगलीकरांना मी सांगायला नको.

आता त्या नोंदीतली नावे. "नुक्ता" हा कृष्णेच्या खोऱ्यातलाच मासा आहे. त्याच्या तोंडाच्या वर, नाकाच्या जागी, शिंगासारखा फुगवटा पुढे आलेला असतो आणि त्याच्या मागे खोल खाच असते. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतल्या माशांची वर्णने १८३९ साली शास्त्रापुढे मांडली, तेव्हा इथल्या मासेमारांच्या तोंडची नावे त्याने तशीच लॅटिन नावांत बसवली. जगातला कोणताही मत्स्यशास्त्रज्ञ आज या माशाला "नुक्ता" म्हणतो, आपल्या महसीर माशाला "टॉर खुद्री" म्हणतो आणि दुसऱ्या एका माशाला "फुलुंगी" म्हणतो, तेव्हा तो नकळत आपल्या भोयांचीच भाषा बोलत असतो. "खवलचोर" तर त्याहून अलीकडचा. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५२ साली कृष्णेच्या खोऱ्यातल्या या छोट्या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि शास्त्रीय नावातच "खवलचोर" हा मराठी शब्द ठेवला. हा मासा दुसऱ्या माशांच्या अंगावरची खवले ओरबाडून खातो. त्याचे पोट फाडले तर आत खवलेच खवले निघतात. शिकवण्याच्या एवढ्या वर्षांत मी कितीतरी मुलांना लॅटिन नावे पाठ करताना रडकुंडीला आलेले पाहिले, पण खवलचोराचे नाव एकदा सांगितले की कोणी विसरत नसे.

नुक्ता आज संकटग्रस्त प्राण्यांच्या जागतिक यादीत आहे. अशा माशाच्या बाबतीत पहिला प्रश्न विचारला जातो तो हा, की तो पूर्वी कुठे कुठे मिळत होता आणि किती मिळत होता. याचे उत्तर नदीत जाऊन मिळत नाही, कारण ती नदी आता राहिलेली नाही. कोयनेवर धरण झाले, वारणेवर चांदोलीचे धरण झाले, पाणी सोडण्याचे वेळापत्रक बदलले, काठाने वाळू उपसली गेली, शहरांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी आले. १९५२ साली बाहेरून भारतात आणलेली तिलापिया, जिला आपल्याकडे चिलापी म्हणतात, पुढे नद्यांतून आणि तलावांतून पसरली. मासे मरून पाण्यावर तरंगल्याच्या बातम्या सांगलीत येतात तेव्हा आपण सगळे हळहळतो, पण त्या पाण्यात आधी काय जगत होते याची तारीखवार नोंद विचारली तर बहुतेक ठिकाणी ती कोणाकडेच निघत नाही. तुमच्या माळ्यावर ती आहे. तेहतीस वर्षांची, एकाच माणसाच्या हातची, बहुधा त्याच त्या ठिकाणांची. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाऊन घेतलेल्या नोंदी फार दुर्मीळ असतात, कारण त्यासाठी पैसा किंवा यंत्रे पुरत नाहीत, आयुष्य द्यावे लागते.

मग नाना "मी काही केले नाही" असे का म्हणतात? त्यांची नोकरी ज्या काळात झाली त्या काळाकडे पाहिले की उलगडा होतो. ते अधिव्याख्याता म्हणून लागले, मग प्रपाठक झाले असतील, मग प्राध्यापक. पुढे या पदांची नावेही बदलली. विद्यापीठातल्या शिक्षकाचे काम बाहेरून दिसते ते दिवसाच्या दोनतीन तासांचे. प्रत्यक्षात अभ्यासक्रम लावणे, अभ्यास मंडळाच्या बैठका, प्रश्नपत्रिका काढणे, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, बाहेरगावच्या महाविद्यालयांत प्रात्यक्षिक परीक्षेसाठी परीक्षक म्हणून जाणे, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचे प्रबंध ओळ न् ओळ दुरुस्त करणे यात वर्ष संपते. प्राणिशास्त्रात त्यात आणखी भर असते: सोमवारच्या प्रात्यक्षिकासाठी शनिवारीच डासासारख्या दिसणाऱ्या किड्यांच्या अळ्या मिळवून ठेवाव्या लागतात, कोंबडीच्या अंड्यातला गर्भ ठरलेल्या तासाचाच हवा असतो, फळमाश्यांच्या बाटल्यांना बुरशी लागली तर साऱ्या वर्गाचे अनुवंशशास्त्राचे प्रात्यक्षिक बुडते. हे सगळे वेळेवर झाले की कोणाला दिसत नाही, आणि एकदा चुकले की सगळ्यांना दिसते.

बढतीच्या वेळी मात्र मोजले जातात ते छापून आलेले शोधनिबंध. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी तर प्रत्येक कामाला गुण लावले. निबंधाला इतके, परिषदेला इतके, पुस्तकाला इतके. नानांच्या नोकरीची शेवटची दोन वर्षे त्या तक्त्यांत गेली असतील. त्या तक्त्यांत "दर रविवारी नदीवर जाऊन नोंद ठेवली" यासाठी रकाना नव्हता. मी स्वतः साताऱ्याजवळच्या एका तलावातले सूक्ष्म जीव अकरा वर्षे दर महिन्याला मोजले, आणि अर्ज भरताना ते काम कुठे लिहायचे हे मला कळले नाही, म्हणून मी ते लिहिलेच नाही. अर्ज भरून झाला तेव्हा आपण अकरा वर्षे छंद केला असे वाटू लागले. माणूस इतकी वर्षे दुसऱ्याच्या फूटपट्टीने मोजला गेला की तीच फूटपट्टी हळूहळू त्याच्या हातात येते आणि तो स्वतःला तिनेच मोजू लागतो. म्हणून म्हणते, नानांचे ते वाक्य निर्णय म्हणून ऐकू नका. त्यांना विचारा, की तुमच्या वह्यांतले छापून किती झाले आणि राहिले किती. मला वाटते, राहिलेलेच पुष्कळ असेल आणि त्याची खंतही असेल.

तुमच्या यजमानांबद्दल लिहिताना मी जपून लिहिते आहे, कारण त्यांची तक्रार खरी आहे. ज्या मुलाचे वडील रविवारी घरी नसत, त्याला पन्नाशीत "पण त्या वह्या फार मोलाच्या आहेत" असे सांगून त्याचे ते रविवार परत मिळत नाहीत. त्यांना वह्यांचे महत्त्व पटवून द्यायला जाऊ नका. तो वाद तुम्ही जिंकलात तरी घरात काही जुळणार नाही. माझी सूचना निराळी आहे. एखादी वही त्यांच्या हातात द्या आणि त्यांच्या लहानपणातली एखादी तारीख काढायला सांगा: मुंजीच्या आसपासची, शाळेच्या गॅदरिंगची, आजारपणाची. नोंद असेल तर वडील त्या दिवशी कुठे उभे होते ते त्यांना कळेल. नोंद नसेल, पान कोरे असेल, तर त्या दिवशी वडील घरी होते हेही त्या वहीतूनच कळेल. अशी कोरी पाने वह्यांत असणार याची मला खात्री वाटते, कारण इतक्या काटेकोर माणसाने न गेलेल्या दिवसाची खोटी नोंद केलेली नसते. एकदा ते पान वडील आणि मुलगा यांनी शेजारी बसून पाहिले, की पुढे त्यांना काय बोलायचे ते त्यांचे ते बोलतील. तुम्ही त्या वेळी चहा टाकायला आत गेलात तरी चालेल.

नानांशी बोलण्याचे काम मात्र लवकर सुरू करा. त्यांना अलीकडची नावे आठवत नाहीत असे तुम्ही लिहिले आहे; हे एकदा डॉक्टरांच्या कानावर घाला. पण जुन्या आठवणी अजून शाबूत असतील तर त्या आताच उतरवून घ्यायला हव्यात, कारण वहीत जे लिहिलेले असते त्याच्या किल्ल्या लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतात. "तानू" कोण? तो कोणत्या गावचा, तो कोणते जाळे वापरत असे, त्याच्या जाळ्याचे डोळे किती बारीक होते? जाळे बदलले की मिळणारे मासे बदलतात, तेव्हा हा प्रश्न गप्पांचा नाही. "खालच्या अंगाला" म्हणजे देवळाच्या घाटापासून किती अंतरावर? वहीतल्या खुणांचे अर्थ काय? रोज सकाळी तासभर, त्यांच्या चहानंतर, एकच वही घेऊन बसा. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा आणि सुरुवातीला वहीचा क्रमांक व पान बोलून ठेवा. प्रश्न तारखेपासून सुरू करू नका, ठिकाणापासून करा. "१९९१ मध्ये काय मिळाले होते" असे विचारले तर उत्तर परीक्षेसारखे अडखळेल, "भिलवडीच्या घाटावर तुम्ही कुठून उतरत होता" असे विचारले तर ते बोलत सुटतील. जमले तर एखाद्या सकाळी त्यांना रिक्षाने हरिपूरला घेऊन जा आणि वही बरोबर ठेवा.

या कामात तुमच्या मुलाला घ्या. त्याने जी पाकिटे फेकली ती नखांची नव्हती. ती माशांची खवले होती. खवल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली वर्तुळे दिसतात, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखी, आणि त्यांवरून माशाचे वय व त्याची वाढ यांचा अंदाज बांधतात. पाकिटावर जो क्रमांक असतो तो वहीतल्या नोंदीशी जुळतो. त्याला रागावू नका, त्याला माहीत नव्हते. पण उरलेली पाकिटे आता त्याच्याच ताब्यात द्या आणि प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर शिसपेन्सिलीने क्रमांक घालण्याचे काम त्याला सांगा. शिसपेन्सिलीनेच. याचे कारण मी पुढे सांगणार आहे.

ज्या वह्या पुरात भिजल्या होत्या त्यांची चिकटलेली पाने ओढून सोडवू नका. त्या उन्हात टाकू नका, सावलीत वाऱ्यावर ठेवा, आणि जिथे पाने अगदी एकजीव झाली आहेत त्या वह्या वेगळ्या काढून जुन्या हस्तलिखितांचे जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा. बाकीच्यांचे पानागणिक फोटो काढा किंवा त्या स्कॅन करून घ्या. दुकानात देणार असाल तर वह्या तिथे ठेवून येऊ नका, समोर बसून करून घ्या. मग नानांच्या जुन्या विद्यार्थ्यांना बोलवा. त्यांच्या हाताखाली पीएच.डी. केलेले कोणी ना कोणी आज सांगली, कऱ्हाड, सातारा, कोल्हापूर इथल्या महाविद्यालयांत शिकवत असणारच. त्यातल्या एकाने जरी या नोंदी संगणकावर तक्त्यात भरायचे मनावर घेतले तरी काम मार्गी लागेल. फक्त एक गोष्ट आधीच ठरवून कागदावर घ्या: त्यातून जे प्रसिद्ध होईल त्यावर नानांचे नाव राहील, आणि ज्या भोयांनी मासे दाखवले त्यांची नावेही राहतील. वह्यांची एक प्रत नदीकाठच्या गावांनाही उपयोगी पडेल. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे काम असते. हरिपूर, अंकली, भिलवडी, औदुंबर इथल्या नोंदवह्यांत चाळीस वर्षांपूर्वीचे मासे तारखेनिशी नोंदले गेले तर त्या गावांच्या हातात फार भक्कम कागद येईल. मूळ वह्या मात्र नाना आहेत तोवर घरातच राहू द्या. नव्या घरात एका कपाटाचे दोन कप्पे त्यांना पुरतील.

आता बरण्या. पहिली गोष्ट, त्या उघडू नका आणि त्यातले पाणी मोरीत ओतू नका. ते बहुधा फॉर्मॅलिन आहे. बाजारात मिळणारे फॉर्मॅलिन म्हणजे साधारण ३७ ते ४० टक्क्यांचे फॉर्माल्डिहाइडचे द्रावण, आणि नमुन्यांसाठी त्यात सुमारे नऊपट पाणी घालतात. पातळ केले तरी त्याची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते, आणि फॉर्माल्डिहाइडमुळे कर्करोग होऊ शकतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने २००४ सालीच सांगितले आहे. काही बरण्यांत स्पिरिट असेल, तर ते पेट घेणारे आहे. तेव्हा फ्लॅटमध्ये या बरण्या नेऊ नयेत, या बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या यजमानांच्या बाजूने आहे. जुन्या घरातच, हवा खेळती राहील अशा जागी, स्वयंपाकघरापासून आणि मुलांपासून लांब, त्या उभ्या ठेवा आणि महिनाभरात त्यांची सोय लावा.

सोय लावण्याआधी त्यांची यादी करा. प्रत्येक बरणीचा बाहेरून फोटो घ्या आणि आत तरंगणारी चिठ्ठी वाचता येते का ते पाहा. बाहेरची चिठ्ठी पुरात गेली असेल, पण जुन्या वळणाचे शिक्षक शिसपेन्सिलीने किंवा काळ्या शाईने लिहिलेली दुसरी चिठ्ठी बरणीच्या आत टाकत असत. ही शिस्त मी तरुणपणी पाळली नाही. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कोयनेच्या परिसरातून आणलेल्या बेडकांच्या चाळीस बाटल्यांत मी बॉलपेनने लिहिलेल्या चिठ्ठ्या घातल्या, कारण हाताशी तेच होते. पावसाळा संपेपर्यंत स्पिरिटने शाई उतरवली आणि चाळीस कोरे कागद आत तरंगू लागले. बेडूक जसेच्या तसे होते. पण कोणता हुंबरळीचा, कोणता कासचा, कोणता पहिल्या पावसातला आणि कोणता भाद्रपदातला, हे सांगणारे काहीच उरले नाही. ज्या कोयना परिसरातून १९६३ साली एका नव्या भेकाचे वर्णन झाले आणि त्याला कोयनेचेच नाव मिळाले, तिथले नमुने मी माझ्या हाताने मुके करून टाकले. पुढे ते मुलांना नुसते "बेडूक" म्हणून दाखवण्यापलीकडे कामाचे राहिले नाहीत. म्हणून तुमच्या शेचाळीस बरण्यांत ज्यांची चिठ्ठी शाबूत आहे किंवा ज्यांचा क्रमांक वहीशी जुळतो, त्या आधी वेगळ्या काढा. त्याच खऱ्या मोलाच्या.

अशा बरण्यांसाठी यादीसह पत्र प्रथम नानांच्या विभागाच्या प्रमुखांना लिहा. जागा नाही असे उत्तर आले तर वाईट वाटून घेऊ नका, बहुतेक ठिकाणी जागेची अडचण खरीच असते. मग भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय केंद्राला किंवा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला तेच पत्र पाठवा. नानांना एक प्रश्न अवश्य विचारा: यातला कुठला नमुना एखाद्या नव्या जातीच्या वर्णनाचा आधार आहे का? तसे असेल तर तो नमुना घरी किंवा महाविद्यालयात राहता कामा नये, तो राष्ट्रीय संग्रहातच जायला हवा. ज्या बरण्यांना नाव-गाव नाही त्या सांगलीतल्या एखाद्या महाविद्यालयाला द्या. २०१४ पासून प्राणिशास्त्राच्या वर्गातले विच्छेदन बंद झाले आहे, त्यामुळे खरा मासा जवळून पाहण्यासाठी मुलांना असे जतन केलेले नमुने हवेच असतात. जिथे काही द्याल तिथून यादीवर सही-शिक्क्याची पोच घ्या, त्याशिवाय बरणी हातातून सोडू नका.

मगरीच्या पिल्लाची बरणी कोणाला देऊही नका आणि फेकूही नका. मगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि अशा प्राण्याचा जतन केलेला नमुना खासगी घरात बाळगायला कायद्याची बंधने आहेत. घाबरण्याचे कारण नाही. नानांना ते कधी, कुठे आणि कोणत्या स्थितीत मिळाले याची नोंद वहीत नक्की असेल. त्या पानाची प्रत जोडून, विभागप्रमुखांना बरोबर घेऊन, सांगलीच्या वन विभागाला लेखी कळवा आणि ते सांगतील तसे करा. इथेही शेवटी वहीच कामी येणार आहे.

तुम्ही पाठवलेल्या नोंदीत "नुक्ता २" याच्या पुढे कंसात एक प्रश्नचिन्ह आहे. ते मला काही दिवस स्वस्थ बसू देत नाही. मासे लहान असल्यामुळे नानांना शंका होती, की तानूने सांगितलेले नाव आणि पुस्तकातले वर्णन जुळत नव्हते, की पहाटेच्या उजेडात नीट दिसले नव्हते? त्या दोन माशांपैकी एखादा कदाचित जिन्याखालच्या बरण्यांत असेल. उद्या सकाळच्या चहानंतर ते पान त्यांच्यापुढे ठेवा आणि तेवढे विचारा. ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत मला लिहून पाठवा; मी वाट पाहते आहे.